उन्हाची बाजू

सकाळच्या गाडीनं नगरला जायचं असलं की मी ड्रायव्हरच्या बाजूला बसते. तिकडं जागा नसेल तर उभी राहते. परवा दाराच्या बाजूला बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीला माझी दया आली. ‘मावशी, इथं मोकळंय की, बसा ना,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘राहुरीपर्यंत तू बसून बघ, मग सांग.’ राहुरी यायच्या आत तिनं ओढणी तोंडावर घेतली होती आणि माझ्याकडं अशी बघत होती की जणू ऊन मीच पाडलंय.

हे शहाणपण माझं नाही. ते तुपे सरांचं. मी श्रीरामपूरच्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा सर पन्नाशीला टेकले होते आणि भूगोल शिकवत होते. निदान हजेरीपटावर तरी त्यांचा विषय भूगोल होता. खरा विषय एकच, गाडीत जागा कशी धरावी. नद्या, पर्वत, वारे, ऋतू हे सगळं त्याच्या पोटात यायचं.

माणूस लहानखुरा. शर्ट कायम पँटच्या बाहेर, कारण खोचलेल्या शर्टाच्या माणसाला वर हात करून दांडा धरता येत नाही. पायात पट्ट्याचे सँडल, कारण चप्पल पायरीवर निसटते आणि माणूस चपलेसाठी मागं वळला की संपला. घड्याळ उजव्या हाताला, कारण डावा हात दाराच्या दांड्याचा. मुख्याध्यापकांनी एकदा त्यांना स्नेहसंमेलनाला तरी शर्ट खोचून या म्हणून सांगितलं. सर म्हणाले, ‘खोचतो की. पर मग संध्याकाळच्या गाडीत तुमी मला जागा धरून द्या.’ मुख्याध्यापक पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

आणि खांद्यावर रुमाल. लाल चौकड्यांचा, चांगला हातभर. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण साधा रुमाल वाऱ्यानं उडतो, शेजारच्या सीटवर पडतो, नाहीतर दुसऱ्याच्या रुमालाखाली जातो. सरांच्या रुमालाच्या एका कोपऱ्यात अख्खी सुपारी शिवलेली होती. ती शिवली होती सुमनकाकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, चांगली दुहेरी टाक्यानं. सरांनी रुमाल भिरकावला की तो सरळ रेषेत जायचा आणि सीटवर सुपारी टक्क वाजायची. ‘वाजली की सातबारा आपल्या नावावर,’ असं सर म्हणायचे.

स्टँडच्या फलाटावर ते कधीच थांबत नसत. गाडी फाटकातून आत येताना वळण घेते, तिथं तिचा वेग माणसाच्या चालीइतका होतो, हे त्यांनी हेरून ठेवलेलं. सगळा गाव फलाटावर धक्काबुक्कीची तयारी करत असे आणि सर फाटकापाशी एकटेच, मुलीच्या बापासारखे वाट बघत उभे असत. गाडी वळली की टक्क. मग सावकाश चालत दाराशी यायचे. ‘आवो बाई, जागा मिळत नसती,’ मला म्हणायचे, ‘जागा वळखावी लागती.’

त्यांच्या हिशेबात चाकावरची सीट म्हणजे मागल्या जन्मीचं पाप. शेवटची रांग म्हणजे या जन्मीचं. दाराजवळची सीट पाहुण्याला द्यायची, म्हणजे तो लवकर उतरतो. आणि या सगळ्यावर ऊन. सकाळी नगरकडं जाताना ऊन दाराच्या बाजूला. संध्याकाळी परत येताना तोंड फिरलेलं असतं आणि ऊनही फिरलेलं, म्हणून ते पुन्हा दाराच्याच बाजूला. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यानं दोन्ही वेळा ड्रायव्हरच्या मागं बसावं. पण सकाळी निघून दिवसभर दक्षिणेकडं जायचं असेल तर पुण्याला उठून बाजू बदलावी. मी एकदा म्हटलं, ‘सर, आता मोबाईलवर आरक्षण होतं. घरी बसून सीटचा नंबर मिळतो.’ सर म्हणाले, ‘मोबाईलमधी सीट दिसती बाई. त्यात ऊन दिसतं का? चाक दिसतं का? आन फुडच्या खिडकीतनं तंबाखू थुंकनारा दिसतो का?’

एका वर्षी नववीच्या सहामाहीत त्यांनी प्रश्न घातला. ‘सकाळी सात वाजता श्रीरामपूरहून नगरला जाणाऱ्या बसमध्ये उन्हापासून बचाव करण्यासाठी कोणत्या बाजूस बसाल? सकारण लिहा.’ पाच गुण. एका मुलीनं उत्तर लिहिलं होतं, ‘तुपे सर जिकडे रुमाल टाकतील त्या बाजूस बसेन, कारण ते चुकत नाहीत.’ सरांनी पाचपैकी पाच दिले आणि तो पेपर स्टाफरूममध्ये आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरले. वास्तविक त्यात दिशेचा पत्ताच नव्हता. मी तसं म्हटलं तर म्हणाले, ‘गनितवाल्यांना श्रद्धा कळत न्हाई.’

भांडण मात्र कधी केलं नाही. एकदा आम्ही प्रशिक्षणाला पुण्याला निघालो होतो. सरांनी रुमाल टाकलेला, आणि आम्ही आत शिरेपर्यंत सफारीतला एक जाडजूड गृहस्थ रुमाल बाजूला सारून तिथं बसलेला. मी तावातावानं पुढं झाले. सरांनी मला थांबवलं आणि त्या गृहस्थाला अगदी मायेनं म्हणाले, ‘बसा, बसा. मी फकस्त रुमाल घेतो. तुमी पुन्याला चालला का? मग जरा पाय आखडून बसा, खाली चाक हाय. आन त्या काचंला हात लावू नका, ती मधीच सुटती. मागच्या टायमाला एकाचं बोट सापडलं होतं.’ गृहस्थानं बोटांकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं आणि मागं जाऊन बसला. चाक मागंच होतं.

आम्ही बसलो. सरांनी मला खिडकी दिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की खिडकीत बसलेले सर मी कधीच पाहिले नाहीत. एवढ्या खटपटी करून खिडकी मिळवायची आणि स्वतः कडेला बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या खांद्यावर झेलायच्या. मी विचारलं तर म्हणाले, ‘मला काय बघायचंय खिडकीत? सगळं पुस्तकात शिकवलंय.’

खरं कारण काकूंनी सांगितलं. काकूंना गाडी लागायची. अशी लागायची की गाडीचा हॉर्न लांबून ऐकला तरी त्या पदर नाकाला लावायच्या. कारमध्ये तर त्या गल्लीच्या तोंडापर्यंतही धड पोचल्या नसत्या.

‘लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आमी माझ्या माहेराला निघालो, नेवाशाला,’ काकू म्हणाल्या. ‘मागच्या सीटवर बसलेलो. टाकळीभान यायच्या आत माझं सुरू झालं. फुडच्या म्हाताऱ्याचं कोरं धोतार हुतं, त्याच्यावर. लोकांनी आरडाओरडा करून गाडी थांबवली, आमाला उतरवलं. नवी नवरी मी, मेल्याहून मेल्यागत झालं. ह्यांनी चिंचंखाली बसवलं, पानी पाजलं. मग म्हनाले, फुडच्या खेपेला फुडची खिडकी.’

पुढची खिडकी, हातात लिंबू, डोळे गच्च मिटलेले. एवढं जमलं तर काकू प्रवास करू शकत. चाळीस वर्षं सरांनी ते जमवलं. बाकी आम्ही सगळे, सहली, प्रशिक्षणं, वऱ्हाडं, त्या विद्येवर फुकट पोसलेले.

त्यांची एकुलती एक मुलगी मनू चिपळूणला दिली. जावई तिकडं कारखान्यात. श्रीरामपूर कुठं, चिपळूण कुठं! दहा-अकरा तासांचा प्रवास आणि शेवटाला कुंभार्ली घाट. लग्न ठरलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, ‘पोरगा चांगला हाय, पर वाट वाईट हाय.’ सर म्हणाले, ‘वाटेचं माझ्याकडं लागलं.’

आणि नेमकं तिथंच सर चुकले.

मनूनं घर बांधलं. वास्तुशांतीला माहेरचा आहेर घेऊन काकूंना जायचं होतं. घर बघायचं म्हणून महिनाभर आधीपासून त्या जेवण कमी करत होत्या. लग्नसराई होती, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. चिपळूणला जाणारी थेट गाडी एकच, तीही साधी, आरक्षण नसलेली. सर फाटकापाशी उभे. आता त्यांचं एक म्हणणं असे, ‘बोर्ड वाचतो तो पाव्हना. जानता मानूस ड्रायव्हर बघतो.’ चिपळूणच्या गाडीला त्या वारी कायम कदम ड्रायव्हर असत. फाटकातून गाडी वळली, स्टेअरिंगवर कदम. टक्क. सरांनी आहेराची पिशवीही खिडकीतून आत सारली, काकूंना चढवलं, ड्रायव्हरच्या मागची पहिली खिडकी दिली, लिंबू दिलं. काकूंनी डोळे मिटले. गाडी सुटली.

काकू बसल्या की पहिली पंधरा मिनिटं सर रस्त्याकडं बघत नसत, काकूंच्या चेहऱ्याकडं बघत. शिवाय त्या दिवसांत बेलापूरच्या रस्त्याचं काम चाललेलं, नगरकडच्या, म्हणजे चिपळूणच्या वाटेच्या, गाड्याही बाभळेश्वरावरूनच जायच्या. त्यामुळं वाटेत खटकण्यासारखं काही नव्हतं. बाभळेश्वर गेलं, गाडी वळली, आणि काकूंच्या मिटल्या डोळ्यांवर ऊन आलं. सरांनी आधी ते हातानं झाकलं. मग ते उभेच राहिले. ‘आरं, सूर्य असा कसा आला?’ असं ते भर गाडीत ओरडले.

कंडक्टर तिकिटं फाडत तिथवर पोचला होता. तो म्हणाला, ‘सूर्य त्याच्या जाग्यावर हाय गुरुजी. गाडी धुळ्याची हाय.’

कदमांची त्या दिवशी ड्यूटी बदलली होती. बोर्डावर ‘धुळे’ असं हातभर अक्षरात लिहिलेलं होतं. गाडीतल्या प्रत्येक अडाण्यानं ते वाचलं होतं.

राहात्याच्या अलीकडं ते दोघं उतरले. उलटी नगरची गाडी मिळाली, तिच्यात शेवटच्या रांगेत कशीबशी एक जागा. काकूंना राहुरीपर्यंत तीनदा झालं. नगरच्या स्टँडवर त्या फरशीवरच बसल्या. चिपळूणची गाडी केव्हाच पुढं गेली होती, आणि असती तरी काकूंच्यात उभं राहण्याचं त्राण नव्हतं. तिथून दोघं परत आले. मनूच्या घराची वास्तुशांत माहेरच्या माणसांवाचून झाली.

काकू सरांना एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सर मला म्हणाले. तिसऱ्या दिवशी फक्त एवढं म्हणाल्या, ‘तुमचं कायबी चुकलं न्हाई. पर आता मला कुठं न्हेऊ नका.’ आणि रुमाल धुऊन, घडी करून त्यांनी खुंटीवर ठेवून दिला. दोन वर्षं तो तिथंच होता. मनू सुट्टीत येऊन जायची. घराचे फोटो मोबाईलवर दाखवायची, काकू ते बोटानं मोठे करून करून बघायच्या. कोपऱ्यातली फरशी कोणत्या रंगाची आहे ते विचारायच्या. सर तेव्हा अंगणात जायचे.

तोवर सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे गेलेले, हातात काठी आलेली. तरी रोज सकाळी स्टँडवरच्या बाकावर जाऊन बसत. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गर्दी लई वाढली, अशी तक्रार करत आणि त्याच बायकांना बाजू सांगत. ‘कुठं ताई? कोपरगाव का? मग डावीकडं बसा.’ ओळख ना पाळख. काही जणी ऐकत, काही जणी पर्स घट्ट धरत. मी म्हटलं, ‘सर, लोक काय म्हणतील?’ म्हणाले, ‘म्हनू द्या. एक बाजू चुकली म्हनून सगळ्या इसरू का?’

मग एका संध्याकाळी ते काठी टेकत माझ्या दारात आले. घरात आले नाहीत, उंबऱ्यापाशीच उभे. मनू जिन्यावरून पडली होती, पाय मोडला होता. पदरी तीन वर्षांचं पोर, नवऱ्याची शिफ्ट. ‘ही म्हनती, उद्याच्या गाडीला जायाचं,’ सर म्हणाले. ‘सोताहून म्हनती. बाई, माझ्यानं आता धावनं व्हायचं न्हाई. उद्या तुमी याल का? तुमाला सगळं येतं.’

सरांनी माझ्याकडं काही मागायची ती पहिली वेळ. मी हो म्हटलं. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या माझी उजळणी घेतली. कुठं उभं राहायचं, मनगट कसं फिरवायचं, ड्रायव्हरच्या मागची पहिली नाहीतर दुसरी खिडकी, मधलं काही चालणार नाही.

सकाळी आम्ही तिघं फाटकापाशी. काकूंच्या हातात लिंबू, चेहरा आधीच पांढरा. सर काठीनं मला जागा दाखवत होते, ‘अजून एक पाऊल मागं, बाई.’ गाडी आली, वळली. मी वीस वर्षं ऐकलेलं सगळं आठवलं आणि रुमाल फेकला. तो काचेवर आपटला आणि खाली धुळीत पडला. गाडी पुढं गेली. गर्दी तिच्यावर तुटून पडली. सरांनी डोळे मिटून घेतले. मला रडूच यायचं बाकी होतं.

काकूंनी वाकून रुमाल उचलला. झटकला. लिंबू माझ्या हातात दिलं. आणि त्या गाडीकडं चालत गेल्या. आधी समोर उभं राहून बोर्ड वाचला, एकेक अक्षर. मग ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन विचारलं, ‘चिपळूनच ना, भाऊ?’ तो हो म्हणाला. मग त्या वळसा घालून दाराच्या बाजूला आल्या, तिथली पुढची खिडकी बघितली आणि हात वर केला. इतक्या लांबून मला सुपारीचा आवाज ऐकू आला असं मी म्हणत नाही, पण सरांनी डोळे उघडले. नंतर काकू दारातल्या गर्दीत शिरल्या. जन्मभर पदराच्या आड बोललेली बाई, आणि आवाज फलाटाच्या त्या टोकाला गेला, ‘सरका! माझी लेक पडलीय तिकडं!’ माणसं सरकली.

सरांना मी हाताला धरून चढवलं. काकू खिडकीत बसल्या होत्या, शेजारच्या सीटवर रुमाल. चेहरा घामेजलेला, केस सुटलेले, आणि त्या हसत होत्या. मला आनंद झाला तो एक क्षणच टिकला. दाराची बाजू. सकाळचे सात. पुण्यापर्यंत थेट ऊन, आणि ऊन डोक्यावर घेतलं की काकूंना गाडी लागणारच. मी तोंड उघडलं, ‘काकू, ही बाजू—’

सरांनी काठी माझ्या पायावर ठेवली. हळूच, पण ठेवली.

‘झकास जागा हाय,’ सर म्हणाले. खिडकीतून वर आभाळाकडं त्यांनी एकदा बघितलं, मग काकूंकडं. ‘सुमन, अशी जागा मला उभ्या जन्मात धरता आली न्हाई.’

काकू लाजल्या. ‘बसा आता,’ म्हणाल्या, ‘लोक बघत्यात.’

मी खाली उतरले तेव्हा लिंबू माझ्याच हातात राहिलं होतं. खिडकीतून द्यायला गेले तर काकू म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या, बघू.’ त्यांचे डोळे उघडे होते. गाडी मागं सरकली, वळली आणि फाटकाबाहेर पडली. बाहेरच्या रस्त्यावर ऊन त्या खिडकीवर सपकन आलं. तेव्हा मला दिसलं की काकूंच्या पुढ्यातून सरांचा डावा हात आडवा गेला आहे आणि त्या हातानं लाल चौकड्यांचा रुमाल त्यांनी काचेवर पसरून धरला आहे. कोपऱ्यातली सुपारी गाडीच्या हादऱ्यानं काचेवर वाजत असणार. सर काकूंना काहीतरी सांगत होते, बहुतेक कुठल्या नदीबिदीचं.

ते दोघं मग तिकडंच राहिले. मनूचा पाय बरा झाला तरी काकूंचा पाय तिथून निघेना, आणि सरांना काकूंवाचून परत यायचं नव्हतं. त्यामुळं मी सरांना पाहिलं ते शेवटचं.

ते गेले त्याच संध्याकाळी मनूचा फोन आला होता. ‘बाई, पोचले दोघं. आईला घाटातसुद्धा लागली नाही, विश्वास बसतो का तुमचा? सगळं घर बघितलं तिनं, फरशीला हात लावून बघितला. पण बाबांना काय झालंय कळत नाही. पुण्यापर्यंत हात खाली घेतला नाही म्हणे. डावा हात कोपरापर्यंत भाजल्यासारखा लाल झालाय. विचारलं तर म्हणतात, तुझ्या आईनं धरलेली जागा, सावलीतच होती.’